चूक परत कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या आठवड्यातल्या 'पदवीनंतर काय?' या पुरवणीने आमच्या घरात दोन दिवस वाद पेटवला, म्हणून हे पत्र. भाषेत एम.ए. केले तर पुढे काय, कोणते प्रमाणपत्र किती महिन्यांत मिळते आणि शिकाऊ उमेदवारीला विद्यावेतन किती, हे आपण तीन रंगांच्या तीन चौकटींत छापले होते. माझ्या पुतणीने तिन्ही चौकटी कात्रीने कापल्या आणि रविवारी सकाळी कोल्हापुरात मंगळवार पेठेत येऊन माझ्या चहाच्या ट्रेवर पत्त्यांसारख्या मांडल्या. "आत्या, यातलं एक उचल," म्हणाली.

मला उचलता येईना. मुदत होती, फी होती, पगाराचा अंदाज होता. मी शोधत होते ती गोष्ट मात्र तिन्ही चौकटींत नव्हती. ती कोणती, हे सांगायचे तर आधी माझे थोडे पुराण ऐकावे लागेल.

मी सदुसष्ट वर्षांची. १९८२ साली शिवाजी विद्यापीठातून मराठीत एम.ए. झाले आणि त्याच वर्षी लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात महिना तीनशे रुपयांवर मुद्रितशोधक म्हणून लागले. वडील उद्यमनगरात मोल्डर, म्हणजे फाउंड्रीत वाळूचे साचे करणारे, होते. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडून तो गोळा मधोमध मोडायचा आणि पाणी कमी की जास्त ते सांगायचे, एवढ्यावर त्यांनी पाच पोरे वाढवली. भाऊ, म्हणजे या पुतणीचा बाप, आयटीआय फिटर. शिकाऊ उमेदवारी करून गोकुळ शिरगावात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्याचे मत पुरवणी न वाचताच तयार होते. "एम.ए. करून काय खानार हाय ती?" मी म्हटले, "मी चाळीस वर्षं खाल्लंच की." त्यावर तो माझ्या घराच्या छताकडे बघू लागला. छत गळते, हे खरे आहे.

मला पहिला वर्ग होता. त्यामुळे प्रूफ वाचणे म्हणजे हातचा मळ, अशा तोऱ्यात मी छापखान्यात गेले. तिथले मास्तर सातवी पास, कंपोझिटरचे फोरमन झालेले. खिळ्यावरचे, म्हणजे छपाईच्या शिशाच्या ठशावरचे, अक्षर उलटे असते. खिळे जुळवायच्या पट्टीतली, म्हणजे स्टिकमधली, ओळ मी कशीबशी सुलटी करून वाचेपर्यंत मास्तर ती वाचून, दुरुस्त करून पुढे गेलेले असायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "बाई, डिग्री म्हंजे काय सांगा." मी म्हटले, पदवी. कंपोझिटर पोरे खो खो हसली. नागरी खिळ्यांच्या एका जातीला डिग्री म्हणतात, हे मला कोण सांगणार होते? तिच्यात वरची मात्रा-वेलांटी वेगळ्या तुकड्याने जुळवावी लागे. तो तुकडा निसटला की 'मोर'चा 'मार' व्हायचा.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. लग्नसराई होती. एका पत्रिकेचे प्रूफ मी वाचले, सही केली, दिले. जुळवलेला फर्मा ट्रेडलवर, म्हणजे छपाईयंत्रावर, चढवण्याआधी मास्तरांनी त्यावर नजर टाकली आणि ते प्रूफ माझ्या टेबलावर परत आणून ठेवले. बोलले काहीच नाहीत. मी पुन्हा वाचले, काही सापडेना. आणखी एकदा वाचले. तिसऱ्या खेपेला दिसले आणि पोटात गोळा आला. नवऱ्या मुलाच्या नावाआधी 'चि.'च्या जागी 'कै.' होते. आदल्या दिवशी वर्षश्राद्धाचे पत्रक जुळवले होते. त्यातली ओळ कंपोझिटरने नुसते नाव बदलून उचलली होती. पाचशे पत्रिका गावभर वाटल्या गेल्या असत्या. मास्तर एवढेच म्हणाले, "एम.ए. हाय न्हवं? मग हे घ्या," आणि कानावरची लाल पेन्सिल काढून माझ्यापुढे केली.

पुढची दोन वर्षे माझे वाचलेले प्रूफ रोज माझ्याकडे परत येत होते. आकडे दोनदा वाचायचे, दुसऱ्यांदा उजवीकडून. मूळ प्रत मोठ्याने वाचायला समोर कोणी तरी बसवायचे, कारण एकट्याचे डोळे हवे तेच वाचतात. मथळा सगळ्यांत शेवटी आणि बोट ठेवून वाचायचा, कारण मोठ्या टाइपातली चूक सगळ्यांत कमी दिसते. 'विद्यार्थीमंडळ' नव्हे, 'विद्यार्थिमंडळ', हा नियम मला तोंडपाठ होता. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे, आमचे विद्यापीठही १९६२ चे, दोन्ही माझ्याहून धाकटे. पण नियम पाठ असणे वेगळे आणि दुपारी तीन वाजता, ट्रेडलच्या खडखडाटात, चौथ्या गॅलीत (प्रुफाच्या लांब पट्टीत) ती दीर्घ वेलांटी डोळ्यांत खुपणे वेगळे. मला त्या दोन्हींच्या मध्ये दोन वर्षे लागली.

मग एम.ए. फुकट गेले का? भावाला तसे वाटते, मला नाही. आमच्या घरी आई, मावश्या, मी, सगळ्या 'मी आलो', 'मी जेवलो' असेच बोलतो. इथल्या वाचकांना यात नवल नाही; पुण्याकडच्या लग्नात मात्र अजून कोणी ना कोणी फिसकन हसतेच. शाळेत बाईंनी त्यावरून माझी वही लाल केली होती. एम.ए.ला भाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी फळ्यावर 'मी आलो' लिहिले आणि विचारले, "कोणाकोणाच्या घरी बायका असं म्हणतात?" निम्म्या वर्गाचे हात वर गेले, काही जरा कचरत. मग तासभर त्यांनी ही चूक कशी नव्हे, या बोलीत 'मी'बरोबरच्या क्रियापदाला बाई-पुरुष असा भेदच कसा नाही, ते एकेक रूप लिहून दाखवले. घरी के.एम.टी.च्या बसमधून येताना मला शाळेतली ती वही बाईंना नेऊन द्यावी असे वाटत होते.

याचा उपयोग पुढे छापखान्यातच झाला. आमच्याकडे खेड्यापाड्यांतल्या लेखकांच्या कथा छापायला यायच्या. त्यांतल्या म्हातारीच्या तोंडचे 'मी गेलो' कंपोझिटर मोठ्या इमानाने 'मी गेले' करून ठेवायचे. मी ते परत 'गेलो' करायची आणि मास्तरांशी भांडायची. मास्तरांना चूक दिसायची, पण चुकीसारखे दिसणारे सगळे चूक नसते, हे मी विद्यापीठातून घेऊन आले होते. त्या एका मुद्द्यावर मास्तरांनी मला गुरू केले, असे म्हणायला हरकत नाही. कबूल मात्र त्यांनी कधी केले नाही.

आता पुतणीकडे येते. ती गेल्या वर्षी मराठी घेऊन बी.ए. झाली आणि राज्य सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिरोलीच्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात लागली. पदवीधराला महिना १०,००० रुपये. योजनेला लोक 'लाडका भाऊ' म्हणतात, त्यामुळे घरात तिचेही नाव काही दिवस तेच होते. तिथे एक गंमत झाली, गंमत कसली म्हणा. सुरक्षिततेच्या इंग्रजी सूचना कोणी तरी मोबाइलमध्ये घालून मराठी करून घेतल्या होत्या आणि त्याचा भला मोठा फलक भट्टीजवळ लावला होता. मोल्डची, म्हणजे साच्याची, झाली होती 'बुरशी'. कास्टिंगची, म्हणजे ओतकामाची, 'पात्रनिवड'. धातू ओतायच्या लॅडलची 'पळी'. मधली एक ओळ अशी: 'बुरशीत पाणी असल्यास पळीतील धातू ओतू नये.'

कामगार हसत होते. पुतणी मोल्डरची नात, तिला हसू आले नाही. साधारण १,४०० अंश सेल्सिअसचे लोखंड ओतताना खाली पाणी सापडले तर त्याची क्षणात वाफ होते आणि धातू कारंज्यासारखा उसळतो. माझ्या वडिलांच्या डाव्या पायावर तशा एका दिवसाची खूण होती. तिने साहेबांना सांगून तो फलक उतरवला आणि रात्री बसून नवा मजकूर लिहिला: 'साच्यामध्ये जलांश आढळल्यास द्रवरूप धातूचे ओतकाम करू नये.' शुद्धलेखनात काडीची चूक नाही. मी तपासले असते तर सही केली असती.

मोल्डिंगचे जुने सुपरवायझर आहेत, त्यांनी कागद परत दिला. "पोरी, हे कोन वाचनार?" मग ती चार दिवस शॉपमध्ये, म्हणजे जिथे काम चालते त्या विभागात, वही घेऊन फिरली. साचा कोणीच म्हणत नाही, मोल्ड म्हणतात. एका वेळच्या वितळलेल्या लोखंडाला हीट म्हणतात. कामावर निम्मी माणसे बिहार-ओडिशाकडची, म्हणजे हिंदीही लागणार. शेवटी फलकावर आले ते असे: 'मोल्डमध्ये पाणी दिसलं तर हीट ओतू नका. आधी सुपरवायझरला बोलवा.' खाली तेच हिंदीत. दोन ओळींना चार दिवस आणि सहा कागद लागले. ते सहाही कागद तिने जपून ठेवले आहेत, हे मला तिच्या पहिल्या वर्गापेक्षा मोलाचे वाटते.

आता त्याच फाउंड्रीने तिला वर्षभराच्या पदवीधर शिकाऊ उमेदवारीसाठी विचारले आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचे विद्यावेतन किमान ९,००० ठरवले आणि केंद्राच्या योजनेतून निम्मे सरकार भरते. म्हणजे लाडक्या भावाला दहा आणि शिकाऊ पदवीधराला किमान नऊ, हा हिशेब ज्याने केला त्याला माझा नमस्कार. वर्ष संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे, असे बंधन मालकावर नाही. तेही एक वेळ चालेल. पण 'शिकाऊ' म्हणून घेऊन वर्षभर झेरॉक्स आणि हजेरीपटावर बसवलेली मुले मी पाहिली आहेत. ज्या शॉपमध्ये कागद परत देणारा सुपरवायझर नाही, तिथली शिकाऊ उमेदवारी म्हणजे स्वस्तातला कारकून.

प्रमाणपत्रांच्या चौकटीबद्दल माझा राग थोडा जास्त आहे. पुतणीच्या मैत्रिणीने अनुवादाच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाला अठरा हजार भरले. सहा महिने, चाळीस चाचण्या, प्रत्येकीत चार पर्यायांतला एक निवडायचा. सोनेरी कडांचे प्रमाणपत्र आले. सहा महिन्यांत तिने स्वतःचा लिहिलेला एकही परिच्छेद कोणाला दाखवला नाही, कारण कोणी मागितलाच नाही. पोहायला शिकवणाऱ्याने रंकाळा तलावाचा फोटो दाखवून पास करावे, तसे.

सगळी प्रमाणपत्रे अशी नसतात, हेही लिहिते. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी तीसचे किंवा इंग्रजी चाळीसचे टायपिंग लागते, आणि भाषेशी संबंधित प्रमाणपत्रांत आजवर आमच्या पेठेत सगळ्यांत जास्त चुली त्याच एकाने पेटवल्या आहेत. आपल्या पुरवणीत त्याचा उल्लेख नव्हता. बहुधा ते पुरेसे रंगीत नसावे. तिथे परीक्षा खरी असते. घड्याळ लावून बसायचे आणि चुका मोजल्या जातात. परदेशी भाषांतही फरक बघण्यासारखा आहे. गोएथे संस्थेच्या जर्मनच्या परीक्षेत वाचणे, ऐकणे, लिहिणे आणि बोलणे अशी चारही अंगे तपासतात. जपानीची जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्यात होते, पण तिच्यात उमेदवाराला एक ओळ लिहावी लागत नाही की एक वाक्य बोलावे लागत नाही, सगळ्यांत सोपी एन-५ असो की सगळ्यांत अवघड एन-१. म्हणून ती वाईट असे नव्हे. पण मग लिहिणे-बोलणे तपासणारा कोणी तरी वर्गात हवा, हे पालकांनी विचारून घ्यावे.

जर्मनचे तर सध्या वेडच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार झाला आणि राजारामपुरीपासून नाक्यानाक्यावर 'तीन महिन्यांत जर्मनी' अशा पाट्या लागल्या. तीन महिन्यांत जेमतेम ए-१, म्हणजे भाषेची पहिली पायरी, होते. तेवढ्यात बेकरीतून पाव आणता येईल. तिकडे कारखान्यात आणि शाळेत मिळून तीन-साडेतीन वर्षे शिकायची जी आउसबिल्डुंग असते, तिला बहुतेक ठिकाणी बी-१, म्हणजे तिसरी पायरी, तरी मागतात. आणि गंमत बघा, इतक्या लांब जाऊन पोरे करणार काय, तर शिकाऊ उमेदवारीच.

एम.ए.बद्दल मी हळवी आहे, म्हणून तिथे जास्त कडक लिहिते. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा मीही पेढे वाटले. पण आमच्या गल्लीतला एक मुलगा प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाला, पीएच.डी. झाला आणि अजून तासिका तत्त्वावर आहे. सकाळी कागल, दुपारी गारगोटी, मध्ये मोटारसायकल. प्राध्यापकी एवढे एकच दार धरून कोणी मराठीत एम.ए. करत असेल तर त्याने या मुलाबरोबर एक दिवस मागच्या सीटवर बसून फिरून यावे.

दारे दुसरी आहेत, पण त्यांच्यावरची बारीक अक्षरे कोणी वाचत नाही. बँकांतल्या राजभाषा अधिकाऱ्याला हिंदीत एम.ए. आणि पदवीला इंग्रजी हा विषय लागतो, नाही तर संस्कृतात एम.ए. आणि पदवीला हिंदी-इंग्रजी दोन्ही. केंद्राच्या कार्यालयांतल्या हिंदी अनुवादकाला एम.ए. तर हवेच, शिवाय अनुवादाची पदविका किंवा प्रमाणपत्र हवे, नाही तर सरकारी कार्यालयात दोन वर्षे अनुवाद केल्याचा अनुभव. म्हणजे आपण ज्या तीन गोष्टी तीन चौकटींत एकमेकींसमोर उभ्या केल्या, त्या सरकारने एकाच ओळीत एकापुढे एक मांडल्या आहेत! मराठीचे एम.ए. बँकेतल्या जागेला चालत नाही आणि अनुवादकाच्या जागेला चालते ते पदवीपर्यंत हिंदी आणि इंग्रजी दोन्ही असतील तरच, हेही तिथेच कळते. पुतणीला हे कळायला बी.ए. व्हावे लागले. बारावीनंतर विषय निवडताना सांगणारे कोणी असते तर बरे झाले असते. आत्यानेही सांगितले नाही, ही माझी चूक.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प आला आहे. कागदावर चांगले आहे. फाउंड्रीचे फलक, सहकारी बँकेचे कर्जाचे अर्ज, दवाखान्यातली संमतिपत्रे, कोल्हापुरात वाईट मराठीला तोटा नाही. फक्त ते प्रशिक्षण शिक्क्याच्या कागदावर उरकू नये.

मी पुतणीला तिन्ही ठिकाणी पाठवले आणि एकच प्रश्न विचारून यायला सांगितले: मी लिहिलेले कोण वाचणार आणि खुणा करून किती दिवसांत परत देणार? क्लासमधल्या मुलीने सांगितले, "मॅडम, सिस्टीम ऑटोमॅटिक चेक करते." एम.ए.च्या एका विभागात बाईंनी उत्तर दिले नाही. कपाट उघडून मागच्या वर्षीचे निबंध काढले आणि समोर ठेवले. समास पेन्सिलीने भरलेले होते. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र "इंटर्नलचे मार्क मिळून जातात, काळजी करू नका," असा दिलासा मिळाला. फाउंड्रीत एचआरचे साहेब म्हणाले, बघू. सुपरवायझर म्हणाले, "माज्याकडं दे. रातपाळीत वाचीन."

तिने अजून ठरवलेले नाही. पेन्सिलवाल्या बाईंच्या विभागात अर्ज भरला आहे आणि एम.ए. करताना शिरोलीला अर्धा दिवस येऊ द्याल का, असे फाउंड्रीला विचारले आहे. कायद्यातली शिकाऊ उमेदवारी अशी अर्ध्या दिवसाची होत नाही, म्हणजे नऊ हजारही मिळणार नाहीत. भावाला हे कळले तेव्हा तो पुन्हा छताकडे बघत होता.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या वर्षी पुरवणी काढाल तेव्हा फी, मुदत आणि पगाराच्या खाली आणखी एक रकाना घाला: लिहिलेले तपासून परत मिळते का? प्रत्येक संस्थेला फोन करून विचारा आणि मिळेल ते उत्तर जसेच्या तसे छापा.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव छापू नये. भावाला छताचा उल्लेख आवडणार नाही.)

ता. क. : पुरवणीच्या मथळ्यात 'पदवीनतंर काय?' असे छापले आहे, अनुस्वार एक घर पुढे सरकला आहे. पान ३ वर विद्यावेतन एका ठिकाणी ९,००० आणि त्याच्याच खाली ९०० आहे. 'शिष्यवृत्तीधारक' तीनदा आले आहे, तिन्ही ठिकाणी 'त्ति' ऱ्हस्व हवी. लाल पेन्सिलीने खुणा केलेली पुरवणी सोबत पाठवत आहे. पुतणीने कापलेल्या चौकटी मागून कागद लावून चिकटवल्या आहेत.